बरणीला हात लावायचा नाही

सोमवार, २ जून. सकाळी ९.१०
संचालकांनी बोलावलं होतं. ३० तारखेला अकरा वाजता अंगठ्याच्या नखाएवढा, आरपार स्वच्छ स्फटिक दाखवायचा. नाहीतर माझी खोली झेरॉक्स मशीनला. बावीस वर्षं बसतोय मी इथे. खोली गेली की हॉलमध्ये सगळ्यांच्या मधोमध टेबल.
पण काम सोपं आहे. क्षाराचं दाट द्रावण, त्यात दोऱ्याला टांगलेलं स्फटिकाचं मोहरीएवढं बीज, आणि चार आठवडे बरणीला हात लावायचा नाही. बाकी देव बघून घेईल. त्याच्यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे.
संकल्प: महिनाभर सुतारकाम, फोटोग्राफी, घड्याळदुरुस्ती बंद. व्हायोलिन चालू. तो छंद नाही, साधना आहे.

मंगळवार, ३ जून
बीज टांगलं. उरलेलं द्रावण एका जुन्या बरणीत ओतलं, एक वाकडं बीज नापास केलं होतं तेही त्यातच टाकलं आणि बरणी कपाटामागच्या फळीवर सरकवली. सफाईच्या मावशींनी विचारलं, ओतून देऊ का. म्हटलं, राहू दे, सवडीने बघतो.
दुपारी दहा मिनिटं प्रार्थना. मुख्य बरणीला दोन्ही तळहात लावून केली, म्हणजे नेमकी पोचते.

शुक्रवार, ६ जून
बीज विरघळलं. तळहातांच्या उबेने? काहीतरीच. प्रार्थनेने कधी कुणाचं नुकसान झालंय? क्षारच भेसळीचा असणार. दुसरी बरणी.

मंगळवार, १० जून
टेबल हलतंय असा संशय. संशय आल्यावर स्वस्थ बसवेना. घरी स्टँड करायला घेतला. हे सुतारकाम नव्हे, उपकरणनिर्मिती. करवतीचा आवाज ऐकून हिने विचारलं, सुतारकाम बंद होतं ना? समजावून सांगितलं. तिला विज्ञानाची ओढ नाही.

गुरुवार, १२ जून
स्टँड देखणा झालाय. एक पाय किंचित आखूड, पण नगण्य.
१२.४०. बरणी फरशीवर.
तिसरी बरणी.

सोमवार, १६ जून
स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढा! दर वीस मिनिटांनी झाकण उघडून पाहिला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर व्हायोलिन वाजवलं. शेजारच्या लॅबने भिंत ठोकली. ठोकण्याने हादरे बसतात, अशी लेखी तक्रार केली.

गुरुवार, १९ जून
एका स्फटिकाचे चाळीस झाले, साखरेसारखे बारीक. भिंत ठोकणाऱ्यांची कृपा. चौथी बरणी. आता काहीही होवो, हात लावायचा नाही.

सोमवार, २३ जून
काल रविवार. दिवसभर घरात येरझाऱ्या. जेवताना ही म्हणाली, "अहो, तुम्ही एखादी गोष्ट नुसती राहू दिलीय, असं मला एकदा तरी दाखवा." विचार केला. त्या वेळी उदाहरण आठवलं नाही. भूक लागली होती.
११.३०. चौथा झकास वाढतोय. पुरावा म्हणून फोटो काढतो. त्यासाठी मोठा दिवा लावलाय.
१२.१५. दिवा तापतो, हे मला माहीत होतं.

शुक्रवार, २७ जून
पाचवी बरणी. तीन दिवसांत नखाएवढा होणं विज्ञानात बसत नाही. म्हणजे आता श्रद्धेची खरी कसोटी. प्रार्थना दिवसातून सहा वेळा. मधल्या वेळात नखं खाल्ली. देवाला सरळ सांगितलं, मला भीती वाटतेय.

सोमवार, ३० जून. सकाळी १०.२०
पाचवीत काही नाही. सामान खोक्यात भरतोय. तीन उघडलेली घड्याळं, व्हायोलिनच्या तुटलेल्या तारा, बावीस वर्षांच्या वह्या. रडू आलं.
१०.४०. मावशी कपाटामागचं झाडत होत्या. ती जुनी बरणी घेऊन आल्या. सत्तावीस दिवस तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आत त्या वाकड्या बीजावर माझ्या नखाहून मोठा स्फटिक! बाहेर काढून वहीवर ठेवला, तर खालचं अक्षर वाचता येतंय. खोली वाचली. देवाने ऐकलं. आधी त्याचे आभार.
१०.५५. स्फटिक तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि हात जोडले. हात जोडायचे तर तळहात उभा करावा लागतो. इतकी वर्षं प्रार्थना करतोय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी १.००
संचालक वेळेवर आले. फरशीकडे बघून विचारलं, हे काय. स्फटिक, म्हटलं. झेरॉक्स मशीन दोन वाजता येतंय.
मावशींनी केर भरला. सुपलीत बघून म्हणाल्या, "यात कामाचं काही नाही ना, साहेब?"
नाही म्हटलं.
हिने मागितलं होतं तसं उदाहरण आठवलं. एक बरणी मी सत्तावीस दिवस नुसती राहू दिली होती. पण आता दाखवायला काही नाही.