इंजिनाचा लोप

प्रिय शेंडेफळास,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार दाखल करून घे. मिस्तरींनी गाडीच्या कामाची जी यादी मला दिली, तिच्यात ‘इंजिन’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि चारही वेळा वेगळ्या रूपात: इंजीन, इंजन, ईंजिन, आणि शेवटी कंटाळून नुसतंच ‘ईं.’ एकतीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाने हे मुकाट्याने वाचावं, असा हा काळ. मी लाल पेनाने दुरुस्त करून यादी परत दिली. त्यांनी ती तेलकट चिमटीत धरली आणि विचारलं, “मास्तर, पास आहे ना मी?”

असो. ‘विकून टाक तो खटारा’ हा तुझा हुकूम मी आदरपूर्वक धाब्यावर बसवला आहे. बाबा रोज दुपारी चारला शेडमध्ये जाऊन गाडीत बसतात. तेवढा तासभरच ते कोणावर ओरडत नाहीत आणि स्वतःच्याच घरात ‘मला घरी सोडा’ म्हणत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बसू दे. पण इंजिन आधीच तेल पीत होतं, त्यात ब्लॉकला तडा गेला. नवं घ्यायचं तर ते अख्ख्या गाडीपेक्षा महाग. म्हणून ठरलं, की मागून धडक बसून भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं इंजिन आणायचं आणि गिअरबॉक्स आपलाच ठेवायचा. मिस्तरी म्हणाले, “इंजिन स्वस्तच असतं हो, ते बसवता बसवता मालक खाली बसतो.”

त्यात मी एक पंडिती घोळ घातला. व्याकरणात एका अक्षराच्या जागी दुसरं आणायचं, तर पहिलं आधी जातं. मी त्याच क्रमाने चाललो. मिस्तरी लग्नाला गेलेले असताना दुसऱ्याच कोणाकडून जुनं इंजिन साखळीने उचलवलं आणि भंगारात देऊन मोकळा झालो. मिस्तरी परत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, मापं? जुनं कुठे टेकत होतं, नळ्या कुठून जात होत्या, हे आता त्या भोकाला विचारू?”

मला धाक होता तो बाबांचा. इंजिन गेलं त्या दिवशी चारला ते आत बसले, किल्ली फिरवली, आणि समाधानाने मान हलवून मला म्हणाले, “एका सेल्फात लागली बघ.” डावा पाय क्लचवर, हात गिअरच्या दांड्यावर, आणि तो हात, गाडी चालू असताना थरथरतो तसा, थरथरत होता. दांड्यावरून उचलला की थांबायचा. खुर्चीत बसल्यावर तो कधीच थरथरत नाही, हे मी नंतर मुद्दाम पाहिलं. शिक्षकांच्या खोलीत मी याचा विनोदही केला: लोप म्हणजे नसणं नव्हे, नुसतं न दिसणं, प्रत्यय गेला तरी त्याचं काम मागे राहतं. वर्गात हे सांगितलं की मुलं जांभया देतात. त्यात भिण्यासारखं काही असेल, असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी मापं घ्यायला लागलो. मिस्तरी टेप घेऊन बॉनेटखाली वाकलेले, मी वही धरून उभा, बाबा आत. चार वाजले, किल्ली फिरली आणि गाडी सुरू झाली. तीन ठोके सरळ, चौथा अडखळत, ती तिची जुनी चाल. शेडचा सैल पत्रा नेहमीसारखा किणकिणायला लागला. मी खाली पाहिलं. इंजिनाच्या जागी आरपार जमीन दिसत होती, जमिनीवर एक वाळकं पान होतं, आणि ते पान जराही हलत नव्हतं. मिस्तरी आकडे सांगत होते, मला नीट ऐकू येईना, म्हणून मी म्हणालो, “जरा मोठ्याने सांगा.” त्यांनी मान वर केली. “मोठ्याने कशाला? इथे कोण गडबड करतंय?” बाबांनी मात्र काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसले. संध्याकाळी वही उघडली, तर रुंदीच्या रकान्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘जागा रिकामी नाही.’

तेव्हापासून रोज चारला ऐकतो. तुझी वहिनी काल तिथेच चहाचा कप देऊन गेली. तिला काही ऐकू आलं नाही. व्हॅनचं इंजिन शनिवारी यायचं होतं, ते मी पंधरा दिवस लांबवलं आहे. एकदा ते बसलं की गाडी खरोखरच वाजेल, आणि मग मला कधीच कळणार नाही. बाबांचंही असंच सुरू झालं होतं गं. बंद रेडिओवर ते बातम्या ऐकत बसायचे आणि आपण हसायचो. हे घराण्यात उतरू शकतं असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढं एक वाक्य मी तुझ्यापासून लपवलं. रजा काढ आणि ये. चार वाजता माझ्या शेजारी उभी राहा आणि खरं सांग, माझं मन राखू नकोस. तुला ऐकू आलं, तर गाडीचं काय करायचं ते बघू. नाही आलं, तर माझं काय करायचं ते तुम्हाला बघावं लागेल, आणि मला त्याचीच भीती वाटते.

तुझाच,
दादा