माशाबरोबर लाल

बाई, सकाळपासून मी या स्वयंपाकघरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. घासलेली भांडी पुन्हा घासली, मसाल्याचे डबे उगाच काढून पुसले. बाहेर मॉन्ट्रियलचा बर्फ भुरभुरतोय. नवरा ड्राइव्हवे शोव्हल करून आत आला आणि मला बघून म्हणाला, "अगं, काल एवढं मस्त झालं ना सगळं? मग आता बस की एका जागी. संडे आहे." तो नागपूरचा, त्याचा आवाज मुळातच मोठा. मी त्याच्यावर खेकसले. त्याची काही चूक नव्हती. माझं भांडण तुमच्याशी आहे, आणि तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. म्हणून म्हटलं, निदान लिहून काढावं.

आठवीतला तो फ्रेंचचा धडा तुमच्या लक्षात असेल. पानभर चित्र होतं. ल्वार नदीकाठची दगडी हवेली, मागे द्राक्षवेलींच्या रांगा, अंगणात लांबलचक टेबल आणि त्यावर तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ. कशाबरोबर कुठली वाइन, त्याच्या जोड्या लावायच्या. तुम्ही जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, पुण्याच्या बाहेर गेलात त्या फार तर नाशिकपर्यंत, पण त्या देशातल्या वाइनींची नावं बारा मावळांची सांगावीत तशी तोंडपाठ. समुद्राजवळची मस्कादे, ती कालवांबरोबर. आत गेलं की सांसेर, ती बकरीच्या चीजबरोबर. माशाबरोबर नेहमी पांढरी, लाल कधीच नाही. वाइन कुणी पाहिलेलीही नाही, म्हणून तुम्ही घरून बाटलीभर कोकम सरबत गाळून आणलं होतं आणि कुणीतरी परदेशातून दिलेला एक उंच दांड्याचा ग्लास, रुमालात गुंडाळून. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग जिभेवर धरा, लगेच गिळू नका. वर्गाला ग्लास एकच, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ओठ न लावता वरून प्यायलो. तुम्हीच बजावलं होतंत, उष्टं करायचं नाही. इथे पहिल्यांदा वाइनच्या कंपनीत नोकरीला लागले आणि टेस्टिंगला ग्लास हातात आला, तेव्हा मान मागे टाकून मी तस्साच वरून घोट घेतला. सगळे बघत राहिले. निम्मी वाइन माझ्या कोटावर सांडली होती. खूप हसले लोक, मीही हसले.

पण त्या दिवशी वर्गात मी हसत नव्हते. आम्ही मालवणकडचे, वडिलांच्या बदलीमुळे पुण्यात आलेले. कोकम जिभेवर आलं आणि मला एकदम घर आठवलं. मी हात वर करून म्हटलं, "बाई, आमच्याकडे माशाबरोबर सोलकढीच असते. ती पण कोकमाचीच. म्हणजे माशाला लाल चालेल ना?" तुम्ही खडू खाली ठेवलात. तुमचा तो चेहरा मला आत्ता, या सिंकपाशी उभी असताना, जसाच्या तसा दिसतोय. "तुझ्या घरी काय शिजतं ते विचारलेलं नाही. पुस्तकात काय आहे ते सांग." मी म्हटलं, "पांढरी." पुढच्या बाकावरची एकजण नाकाला रुमाल लावून हसली, आणि तुम्ही तिला काही बोलला नाहीत. तुमच्या बोलण्याचं मला तेवढं लागलं नाही, त्या गप्प राहण्याचं लागलं. पुढे मॅट्रिक होईपर्यंत मी वर्गात घरातलं काहीही बोलले नाही.

आणि तरी मी इथे आहे ती तुमच्यामुळेच, हीच तर पंचाईत आहे. क्युबेकसाठी अप्लाय केलं तेव्हा मुलाखत फ्रेंचमध्ये होणार होती आणि माझी बोबडी वळलेली. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात. रोज दुपारी घरी बोलवायचात. तुम्ही तव्यावर थालीपीठ लावत असायचात, मला पाटावर बसवायचात आणि पाठमोऱ्याच प्रश्न विचारायचात. उत्तर चुकलं की कालथा तव्यावर आपटायचात. बरोबर आलं की काही न बोलता लोण्याचा गोळा माझ्या पानात पडायचा. निघताना तुम्ही तो ग्लास माझ्या हातात दिलात, तुमच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधून. म्हणालात, "कधी खरी प्यायलीस तर सांग मला, माझं कोकम कितपत जमलं होतं." तेव्हा तरी त्या दिवसाबद्दल काही म्हणाल असं वाटलं होतं. मी दारात चपला घालत मुद्दाम रेंगाळले. तुम्ही म्हणालात, "रिक्षा थांबलीय ना?"

कालचं सांगते. आमची कंपनी फ्रान्सहून वाइन आणते. ल्वार नदीकाठच्या एका जुन्या इस्टेटीच्या मालकीणबाई आल्या होत्या, सत्तरीच्या असतील. इथल्या रेस्टॉरंटवाल्यांसाठी त्यांच्या वाइनींचं जेवण होतं. त्यांच्या बाकीच्या वाइनींच्या जोड्या तुमच्या धड्यातल्यासारख्याच लागल्या. त्यांच्या काबर्ने फ्राँबरोबर मात्र काहीतरी इंडियन हवं, असं बॉसचं म्हणणं, आणि त्याच्या मनात बटर चिकन. ही वाइन लाल, पण अंगाने हलकी, जराशी गार प्यायची. पहिल्यांदा चाखली तेव्हाच मला तिच्यात रातांबा, कोकमाचं ताजं फळ, लागला होता. मी म्हटलं, आमच्याकडचं बांगड्याचं दाटसर तिखलं करते, तिरफळं घालून, कोकमं जरा जास्त टाकून. बॉस म्हणाला, "माशाबरोबर रूज? लाल? तू शुअर आहेस?" मी शुअर नव्हते. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं आणि मी हट्टाला पेटले. मासळीवाल्याकडून ताजे बांगडे आणले आणि जेवण ज्या छोट्या बिस्ट्रोत होतं तिथल्या किचनमध्ये उभी राहून रांधले. नाही जमलं तर एवढ्या लोकांपुढे माझी शोभा होणार, आणि शिवाय तुम्ही बरोबर ठरणार. या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती.

मालकीणबाईंनी एक घास घेतला. वाइनचा घोट घेतला. पुन्हा घास. मग त्या म्हणाल्या, "आमच्या घरी नदीतली वाम लाल वाइनमध्येच शिजवतात. माझी आई दुसऱ्या कशात शिजवायचीच नाही." आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "माशाबरोबर लाल नको म्हणणारे आमच्या गावी जेवलेलेच नाहीत." बाई, ऐकलंत का? त्या चित्रातल्या नदीकाठच्या बाई, त्या चित्रातल्या टेबलावरून उठून माझ्या बाजूने बोलल्या. मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे शिकवलं कुणी?" आणि मी काय म्हणावं? माझ्या आईने, असं म्हणायला हवं होतं. तेच खरं होतं. मी म्हटलं, "आमच्या पुण्याच्या शाळेतल्या फ्रेंचच्या बाईंनी." त्या उभ्या राहिल्या, त्यांच्याबरोबर सगळे उभे राहिले आणि पुण्याच्या मादामच्या नावाने ती लाल वाइन प्यायले. तुम्ही पाहिलं असतंत तर पदर नाकाला लावला असतात.

तेव्हापासून चैन नाही. नवरा विचारतो, "तुझंच बरोबर निघालं ना? मग चिडतेस कशाला?" त्याला काय सांगू? मला त्या फ्रेंच बाईंकडून ऐकायचं नव्हतं. तुमच्याकडून ऐकायचं होतं. मगाशी तुमचा ग्लास काढला, कोकम ओतलं आणि वरूनच प्यायले. तुमचं कोकम बरंच जमलं होतं, बाई. आंबटपणा तोच, फक्त खऱ्या वाइनसारखं ते जीभ आवळत नाही.

हा कागद तुमच्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून ग्लासाबरोबरच ठेवते, दुसरीकडे कुठे ठेवणार? एक मात्र कबूल करते. काल सगळे उभे असताना मी एकदा दाराकडे पाहिलं. वाटलं, तुम्ही तिथे उभ्या आहात आणि आता विचाराल, "पुस्तकात काय आहे ते सांग." विचारलं असतंत, तर एवढ्या सगळ्यांसमोर, हातात लाल वाइन धरून, मी पुन्हा म्हटलं असतं, पांढरी.