पातळ कढी

अकोला
सोमवार, दि. ५ फेब्रुवारी २०२४

सौ. मायाताईस,
धर्मेंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. डायलिसिसच्या खाटेवर चार तास डावा हात मशीनला बांधलेला असतो आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. उजवा हात तेवढा रिकामा. मी होस्टेलला असताना तू दर पंधरवड्याला पत्र लिहायचीस आणि मी उत्तर देत नसे. ती सगळी उत्तरं आता देतो आहे असं समज.

नागपूरच्या डॉक्टरांचं बोलणं तू फार मनाला लावून घेतलंस असं हर्षा म्हणत होती. ते एवढंच म्हणाले की रक्तगट जुळतो, तुझी किडनी उत्तम आहे, पण देणाऱ्याचं वजन त्र्याऐंशी किलो चालायचं नाही. बहात्तरच्या आत आणा, मग तारीख देतो. हर्षा बायको म्हणून पुढे आली होती, पण तिला साखर निघाली म्हणून ती बाद. म्हणजे आता तूच उरलीस, आणि अकरा किलो जास्तच उरलीस. मोजणी खात्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण बहिणीची हद्द आत कशी सरकवायची हे कुणी शिकवलं नाही.

भाऊजींनी त्या दिवशी संमतीच्या कागदावर एक शब्द न बोलता सही केली. मी आभार मानायला गेलो तर त्यांनी चहा झाला का एवढंच विचारलं. असा माणूस नशिबानं मिळतो. त्यांना माझा जयभीम सांग.

कळावे. लहानपणी लावलास तेवढाच जीव लाव. वाढवू नकोस, तुझं वाढलेलं काहीच आता चालणार नाही.

तुझा,
धर्मेंद्र


अमरावती
रविवार, दि. १० मार्च २०२४

चि. धर्मेंद्र यास,
मायाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. अक्षर अजून सुधारलेलं नाही.

मी पहाटे पाचला उठते. फ्रेजरपुऱ्यातून वडाळी तलावापर्यंत आणि परत असं रोज चालणं आहे. सोबतीला शेजारच्या पार्वताबाई असतात. त्या नुसत्या गप्पा मारायला येतात आणि महिन्यात चार किलोंनी उतरल्या. चांदूर बाजारच्या एसटीतून शाळेच्या अलीकडेच उतरते आणि उरलेला रस्ता पायी जाते. शनिवारी शाळेतल्या, पोरांची वजनं घ्यायच्या काट्यावर उभी राहते. आकडा आमचा शिपाई बुधाजी वाचतो, कारण मी वाकून पाहिलं की काटा हलतो. घरी आले की तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते. त्र्याऐंशी, साडेब्याऐंशी, त्र्याऐंशी, परत साडेब्याऐंशी. बुधाजीनं परवा विचारलं की म्याडम, काटा बिघडला काय, दुसरा मागवू काय. मुख्याध्यापिकेची एवढीच अब्रू राहिली आहे.

खाण्याचं म्हणशील तर साखर, भात, तळण सगळं बंद. हे आश्रमशाळेतून रिटायर झाले तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांचंच आहे, मला आत पाय ठेवू देत नाहीत. सकाळी एक भाकर, संध्याकाळी एक, उकडलेली भाजी आणि वाटीभर पातळ कढी, नुसत्या ताकाची. पण तीस वर्षं शेकडो पोरांना जेवू घातलेला हात आहे, त्यामुळे पथ्य आहे असं वाटतच नाही. तुझ्या भाऊजींनी साथ दिली नसती तर मी आठ दिवसांत हात टेकले असते.

तू पाणी मोजून पी. माझं मी बघते. हर्षाला आशीर्वाद.

तुझी,
मायाताई


अकोला
सोमवार, दि. ६ मे २०२४

सौ. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि. माझंही वजन दर खेपेला होतं, मशीनआधी आणि मशीननंतर. दोन दिवसांत दोन किलोच्या वर पाणी चढलं की सिस्टर रागावतात. एका आईच्या दोन लेकरांना या वयात काट्यावरून बोलणी खावी लागतात हे बरं नव्हे.

एक गोष्ट लपवत नाही. हाताची नस थकली आहे. परवा सुई तीनदा टोचावी लागली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन दिवाळीच्या पुढे ढकलू नका. तुझ्यावर ओझं टाकावं म्हणून लिहीत नाही. पण न सांगता राहिलो आणि तुला मागून कळलं, तर तू मला किडनीसकट मारशील.

बुद्धपौर्णिमेला, गुरुवारी, माझी सुट्टी आहे. सकाळच्या बसनं येतो. वाटीभर पाणी तेवढं बाजूला ठेव.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धर्मेंद्र


अमरावती
रविवार, दि. ९ जून २०२४

चि. धर्मेंद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तू येऊन गेल्यापासून लिहिणार होते. पौर्णिमेच्या जेवणात तू माझ्या वाटीतली दोन चमचे कढी घेतलीस आणि मग गप्पच झालास. पथ्य मोडल्याचं वाईट वाटलं असेल. दोन चमच्यांनी काही होत नाही.

एक जूनचा आकडा त्र्याऐंशी पूर्णांक चार. सुट्टी असली तरी दाखल्यांच्या कामाला शनिवारी शाळेत जाते, तेव्हा पाहिला. थायरॉइडची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. प्रियदर्शनीचा पुण्याहून फोन आला होता. पोरीनं सरळ विचारलं की मम्मी, तू चोरून खातेस का. पोटच्या लेकीला तसं वाटलं, मग डॉक्टरांना काय वाटत असेल.

म्हणून सोमवारपासून जेवणच बंद केलं. लिंबूपाणी आणि एक केळं. गुरुवारी तलावाच्या काठावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडले. भुवईवर दोन टाके आहेत. पार्वताबाईंनी ऑटोतून घरी आणलं. हे दारात उभे होते, त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला होता. पण काल शनिवारी वजन दीड किलो उतरलेलं निघालं. तेव्हा आता असंच चालू ठेवणार, मला कुणी अडवू नये.

रागावू नकोस, पण मला माझ्या शरीराची किळस यायला लागली आहे. आई गेली तेव्हा तुला कडेवर घेऊन सगळा गाव फिरले, तेव्हा तू जड वाटला नाहीस. आता तुझ्यासाठी अकरा किलो खाली ठेवता येत नाहीत.

तुझी,
मायाताई


अमरावती
दि. १० जून २०२४

श्री. धर्मेंद्र यांस पुंजाजीचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहायची मला सवय नाही. नोकरीत फक्त किराण्याच्या याद्या लिहिल्या. म्हणून सरळ लिहितो. तुमच्या ताईचं वजन मी उतरू देत नाही.

मेळघाटात आमच्याकडे वाळलेली पोरं यायची. दर महिन्याला त्यांचं वजन व्हायचं आणि वाढलं नाही की साहेब मला विचारायचे. पोरं भाजीतले दाणे वेचून टाकायची. म्हणून मी शेंगदाणे भिजवून वाटायचो, फडक्यातून गाळायचो आणि ते दूध ताकात घालून कढी करायचो. ज्वारीत भाजलेलं सोयाबीन आणि दाणे दळून आणायचो. दिसायला कढी ती कढी आणि भाकर ती भाकर. महिन्यात पोरं भरायची. तेच मी फेब्रुवारीपासून घरी करून राहिलो. ती जास्त चालली की मी जास्त घालतो. शनिवारी ती कॅलेंडरवर आकडा लिहिते तेव्हा मी पाठ करून भांडी घासतो.

नागपूरला तुम्ही सगळे आत होते, मी बाहेर बाकावर होतो. एका बाईनं नवऱ्याला किडनी दिली होती. ती भिंत धरून चालून राहिली होती आणि दर पावलाला थांबत होती. डॉक्टर म्हणतात हजारात एखाद्याला त्रास होतो. मला बायको एकच आहे. मग मला आत बोलावलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, तुम्हीपण. तिथं कोणता माणूस नाही म्हणेल? मी सही केली.

तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. तुम्ही गेले तर मी लय रडीन. ती गेली तर चूल कोणासाठी पेटवायची ते मला समजणार नाही. पण आता तिला वाचवायला निघालो आणि मीच पाडली. गुरुवारपासून साधी भाकर आणि साध्या ताकाची कढी करतो, तर ती खातच नाही. तिला सांगायची हिंमत होत नाही.

तुम्हाला काय बोलायचं ते बोला. लोभ ठेवा म्हणायला मला तोंड नाही.

पुंजाजी


अकोला
शुक्रवार, दि. १४ जून २०२४

ती. भाऊजींस धर्मेंद्रचा सप्रेम जयभीम.

मला माहीत होतं. मी एकोणीस वर्षांचा असताना टायफॉइड झाला होता आणि ताई ट्रेनिंगला होती, तेव्हा महिनाभर तुमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात पडून होतो. चाळीस किलोचा आलो आणि सत्तेचाळीसचा होऊन गेलो. ज्या कढीवर उठून उभा राहिलो ती जीभ विसरत नाही. पौर्णिमेला पहिल्याच चमच्याला ओळखली, दुसरा चमचा खात्री करायला घेतला.

बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तुमच्यावर संतापलो होतो. अकोला येईस्तोवर राग राहिला नाही. तरी तीन आठवडे गप्प बसलो. बोललो असतो तर तुम्ही लगेच हो म्हटलं असतं, पुन्हा सगळ्यांच्या देखत. तसं हो मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर, तुमच्या तोंडून नाही ऐकायचीही भीती होती.

मला जगायचं आहे, भाऊजी. फार जगायचं आहे. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते आहे. तरी तुमच्या घरातून तुमच्या मनाविरुद्ध मी काही नेणार नाही. मृत दात्यांच्या यादीत नाव नोंदवलं आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी वाट पाहीन, आणि आपल्यात काही बदलणार नाही.

एक मात्र आजच करा. ताईला सांगा. ती बिचारी स्वतःच्या शरीराला दोष देत उपाशी बसली आहे. तुम्ही कढी ढवळली आणि मी तोंड शिवून बसलो, हेही सांगा. बोलणी दोघं मिळून खाऊ.

आपला,
धर्मेंद्र


अमरावती
रविवार, दि. ६ ऑक्टोबर २०२४

चि. धर्मेंद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर तुझ्याशी मी मोजकंच बोलत होते, कारण रागावलेली होते. आता लिहिते.

जूनमध्ये ह्यांनी सांगितलं त्या दिवशी मी आधी हसले, मग सतरा दिवस बोलले नाही. चार महिने मी स्वतःला शिव्या घातल्या आणि दोन पुरुषांना सगळं ठाऊक होतं. तुझा राग जास्त आला. त्यांनी निदान भीतीनं केलं, तू तर शहाणपणानं गप्प बसलास. अठराव्या दिवशी मी त्यांना म्हटलं की ज्याला वजन चढवता येतं त्याला उतरवताही येत असेल, तर उतरवा. त्या दिवसापासून त्यांनी भाकरीचं पीठसुद्धा काट्यावर तोललं. उपाशी एक दिवस ठेवलं नाही. कॅलेंडर बघशील तर जूनपासून आकडा दर शनिवारी खाली गेला आहे, एकदाही वर नाही. बुधाजी आता आकडा ओरडून वाचतो.

जुन्या संमतीची मुदत संपली म्हणून नागपूरहून नवा कागद आला. काल संध्याकाळी तो मी ओट्यावर ठेवला. त्यांना सांगितलं की मी विहारात वर्षावासाच्या वाचनाला जाते, दोन तास येत नाही, या वेळी कुणी पाहणारं नाही. किडनी माझी आहे आणि मला ती द्यायची आहे. पण तुमचं मन नसेल तर कागद कोरा ठेवा, मी एका शब्दानं विचारणार नाही. वाचनात माझं लक्ष नव्हतं. मी तुझ्यासाठी घाबरले होते, आणि त्यांच्यासाठीही.

परत आले तर कागद तिथेच होता. खाली सही होती. दात्याच्या वजनाचा रकाना मी भरायचा ठेवला होता, तो त्यांनी कॅलेंडर पाहून भरला होता. एकाहत्तर पूर्णांक चार, किराण्याच्या यादीसारख्या अक्षरात. ते पाठ करून भांडी घासत होते. मी ताट वाढून घेतलं. कढी नुसती पाण्यासारखी होती. इतकी बेचव कढी त्यांनी जन्मात केली नसेल. मी दोन वाट्या प्याले.

दीक्षाभूमीची गर्दी ओसरली की आठवड्यानं नागपूरला निघू. तेव्हा भेटीत उरलेलं भांडण करू. तोवर तब्येत सांभाळ, आणि जीव आहे तितका लाव.

तुझी,
मायाताई

ता. क. ताईच्या पत्रात जागा होती म्हणून लिहितो. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की महिनाभर इकडं राहायला या. तुमच्या वजनाचं मी पाहून घेईन.
पुंजाजी