वीतभर सरकलेला दोर

माय, आज नागभीडला नववीच्या वर्गात फळ्यावर ‘विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य’ लिहिलं, तर मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, डोक्यावर मोळी घेऊन नुसतं उभं राह्यलं तं मान काऊन दुखते?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. स्नायूंतली ऊर्जा खर्च होते, पण मोळीवर कार्य घडत नाही. उत्तर बरोबरच आहे. तरी मला तुझे हात दिसत होते.

मीही नववीत होते तेव्हा आपल्या तलावाचं तुडुम, पाणी सोडायचं ते भोक, गाळानं बुजलं होतं आणि खाली धान सुकत होतं. बाबा कमरेला दोर बांधून बुडी मारतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोर अडकवायला झाड नाही, म्हणून तू टाचा रोवून दोर ताणून धरतेस आणि तुझ्यामागं शेवटचं टोक माझ्याकडे. गाळ सुटला की पाणी माणसालाही आत ओढतं, हे तिघांना ठाऊक आहे. मी मात्र त्याच दिवशी शाळेतून शिकून आलेली दीडशहाणी. म्हणाले, "माय, दोर हलून नाई राह्यला. म्हंजे तू कामच नाई करून राह्यली."

तू मान न वळवता विचारलंस, "मंग सोडू का?"

तेवढ्यात हिसका बसला. दोर वीतभर सरकला, तुझ्या तळव्यांचं कातडं घेऊन. "ओढ, पोरी!" तू ओरडलीस, आणि मी नुसती उभी. माणूस वर ओढायचं कार्य सावकाश केलं काय, झटक्यात केलं काय, तेवढंच. फरक शक्तीचा, हे मी आता वर्गात शांतपणे सांगते. तेव्हा बाबाच्या छातीत होता तेवढा श्वास, तेवढाच वेळ होता. तू एकटीनं त्याला काढलंस. तो पालथा पडून पाणी ओकत होता. "पोरीच्या हातून दोर निसटला, हिसकाच तसा होता," तू माझी बाजू घेतलीस. मग आठवडाभर चमच्यानं भात खाल्लास. "सायबीण झाली का?" बाबा चिडवायचा, तू हसायचीस.

तुला जाऊन वीस वर्षं झाली. हे पत्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवते आहे. हिसक्यानं काही निसटलं नव्हतं, माय. दोर धरून माझे तळवे जळत होते, म्हणून मी तो आधीच सोडला होता. तू "मंग सोडू का" विचारलंस, तेव्हा माझे हात मोकळेच होते.