टोपली न मावणारी गाडी

अमरावती,
२० सप्टेंबर २०२५

ती. खुशालभाऊंस,
साधनाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून वहिनी घाबरतील. त्यांना आधी सांगा, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मोबाइलवर लिहिलं तर शिवम तुम्हाला वाचून दाखवणार. ही गोष्ट तुमच्या मुलाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जायला नको आहे, म्हणून कागदावर लिहिते.

मी गाडी घेते आहे. जुनी, शर्यतीच्या गाडीसारख्या घडणीची, लाल. दोनच सीट. छताचा टप उघडतो. परतवाड्यातल्या एका सागवानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा अश्विन, त्याची आहे. दर रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात फिरवायला घेतली होती. आता लग्न ठरलं म्हणून विकतो आहे. अजून फक्त फोटो पाहिले.

शुभमला सांगितलं. तो पुण्याहून तासभर बोलला. आई, आता या वयात, म्हणाला. आपोआप गिअर पडणारी छोटी चारचाकी घे, मागे सामानालाही जागा असते. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

भाऊ, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. शुभमचे बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, फुलांचा छोटा हत्ती टेम्पो मी चालवते. चांदूर बाजार रस्त्यावरच्या वावरातून अमरावतीच्या फूलबाजारात. झेंडू, शेवंती, निशिगंध. या बावीस वर्षांत मी चालवलेल्या प्रत्येक गाडीत माझ्या पाठीशी टोपल्या होत्या. मला अशी गाडी हवी आहे, जिच्यात एकही टोपली मावणार नाही. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही आणि मी शोधणारही नाही.

तुम्ही चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. गाडीत काय पाहायचं ते लिहा. घ्यावी की नाही, हे मी विचारलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, या पत्रानंतरही तो तेवढाच ठेवा.

तुमची
साधना


अकोला,
२६ सप्टेंबर २०२५

चि. साधनास,
अ. उ. आ.

गाडी घेऊ नको.

पत्र तुझ्या वहिनीने माझ्या आधी वाचलं. म्हणाली, बाईले काहून हे सुचून राहिलं? जमिनीले टेकलेली गाडी, बसाले सोपी, पण उतरवाले दोन माणसं लागतीन. मी तिला गप्प केलं नाही, कारण ती बरोबर बोलत होती.

परतवाडा रस्त्याचे स्पीडब्रेकर तुझ्या गाडीचं पोट खरवडून काढतील. एक दिवा फुटला तर तो मुंबईहून येईल, दोन महिन्यांनी. आणि अशी गाडी हळू चालवायला कोणी घेत नाही. विकताना मात्र प्रत्येक जण सांगतो, हळूच चालवली.

तरी तू जाशीलच. म्हणून लिहितो.

वार सांगून जाऊ नको. हे पहिलं. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर चहा पी, ख्यालीखुशाली विचार आणि परत ये. गाडी आधी चालू करून ठेवली आहे, असं समज. गरम इंजिन गोड बोलतं. खरं बोलतं ते थंड इंजिन. चालू करताच मागून निळा धूर येतो का ते पाहा.

टायरची बाहेरची कड सगळेच दाखवतात. तू आतली पाहा. पायाखालची मॅट उचलून खाली हात घाल. ओल लागली तर टप गळतो. गाडी वर्षभर उभी असेल तर उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी तशीच रांगते, तर क्लच संपला. आरसी पुस्तकावर नाव कोणाचं, बँकेचा बोजा उतरला की नाही, ते कागदावर पाहा, तोंडावर नको.

आणि सगळ्यात आधी पाहायचं ते सगळ्यात शेवटी लिहितो, म्हणजे लक्षात राहील. नाक. पुढच्या जाळीच्या मागे एक आडवी पट्टी असते, तिच्यावर रेडिएटर बसतो. तिथे वेल्डिंगची गाठ दिसली तर गाडीने तोंडावर मार खाल्ला आहे. अशी गाडी फुकट दिली तरी घ्यायची नाही.

मी सोबत आलो असतो. मला आता कानाने इंजिन कळत नाही. स्क्रू पिळायचा मोठा पेचकस इंजिनला टेकवतो आणि त्याची मूठ दातात धरतो. सगळं कळतं, पूर्वीपेक्षा जास्त. पण शिवमला ते बरं दिसत नाही. गिऱ्हाइकं हसतात म्हणतो. मे महिन्यापासून मी गॅरेजमध्ये जात नाही. घरी बसून असतो.

तर गाडी घेऊ नको.

माझा आशीर्वाद आहे, परवानगी नाही.

तुझा
खुशालभाऊ


अमरावती,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. खुशालभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याच्या धांदलीत उत्तर राहिलं. काल परतवाड्याला जाऊन आले.

वार सांगून गेले. रागावू नका. माणसाच्या घरी न सांगता कसं जायचं? टोपलीभर शेवंतीही नेली. बॉनेट गरम होतं. अश्विन म्हणाला, आत्ताच पेट्रोल भरून आणली. टायरची आतली कड चांगली आहे. मॅटखाली कोरडं आहे. वायरी शाबूत आहेत. पुस्तकावर त्याचंच नाव, बोजा नाही.

घाटाच्या पायथ्यापर्यंत मी चालवली. क्लच चांगला आहे. टप उघडा होता. आरशात पाहिलं तर टोपल्या नव्हत्या, फक्त रस्ता होता. एका वळणावर मी मोठ्याने ओरडले. अश्विन घाबरला. त्याला वाटलं ब्रेक लागला नाही.

नाक तेवढं पाहिलं नाही. जाळीवर दसऱ्याची झेंडूची माळ होती, चांगली जाड, तीन पदरी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. पूजेला हात कसा लावायचा? मी वाकून नमस्कार केला. दिवाळी झाली की विसार देणार आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. मी सतरा वर्षांची होते. तुमच्या गॅरेजमध्ये आलेली डॉक्टरांची गाडी तुम्ही मला बोरगावपर्यंत चालवू दिली होती. परत आलो तर बाबा दारात उभे. पोरीच्या हाताने माळा ओवाव्या, म्हणाले. तुम्ही काही बोलला नाही. माझ्या हातातून किल्ली काढून घेतली आणि खिळ्याला टांगली. बाबांचा मला कधी राग आला नाही. तुमचा येतो.

राग धरून नमस्कार करते, दोन्ही पोचावेत.

तुमची
साधना


अकोला,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. साधनास,
अ. उ. आ.

वार सांगितलास. गरम बॉनेटवर गाडी चालवलीस. आणि जे पाहायला सांगितलं होतं त्याला नमस्कार करून आलीस. चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

देवाची माळ देवाच्या फोटोवर. गाडीवर असेल ती उतरवायला सांगायची. मालकाला सांगायची लाज वाटली तर स्वतः उतरवायची. आमच्या गॅरेजमध्ये दसऱ्याची माळ वाळून गळेपर्यंत कोणी काढत नसे, पण काम आलं की मी काढत असे, आणि त्याने कोणावर देवाचा कोप झाला नाही.

नाक पाहिल्याशिवाय विसार दिलास तर मला पत्र लिहू नको.

किल्लीचं वाचलं.

आशीर्वाद आहेतच, ते रागात मोडत नाहीत.

तुझा
खुशालभाऊ

ता. क. साधनाबाई, मी दुर्गा लिवतो. हे गाडी घेऊ नको मनतात आन् जेवताना ताटात बोटानं गाडीचा सांगाडा काढून राहिले. कालची भाजी तशीच थंडी झाली. किल्लीचं वाचून एक घास खाल्ला नाही. मले काई सांगत नाहीत. तुमी भांडत राहा, मानूस जरा जित्ता झाला.


अमरावती,
२० ऑक्टोबर २०२५

ती. खुशालभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं तेव्हा मी दिवाळीचा झेंडू तोलत होते. पत्र एका हातात, झेंडू दुसऱ्या. दसऱ्याची माळ वाळून गळेपर्यंत, या ओळीवर थांबले.

दसरा दोन तारखेला झाला. मी गेले अकरा तारखेला. नऊ दिवसांच्या झेंडूच्या पाकळ्या आत वळतात, रंग विटतो, देठ काळा पडतो. ती माळ केशरी होती, त्याच सकाळी ओवलेली. वाकून नमस्कार केला तेव्हा देठाची ओल माझ्या बोटाला लागली होती. मी ते बोट पदराला पुसलं. बाजारात शिळ्या फुलांवर पाणी मारून आणणारा मला दहा पावलांवरून कळतो, आणि मी त्या माळेपुढे हात जोडून उभी राहिले.

काल, ऐन दिवाळीत, माल गड्यांवर सोपवून पहिल्या बसने परतवाड्याला गेले. सांगितलं नाही. फुलं नेली नाहीत. बॉनेट थंड होतं. तीच माळ होती, आता सुकलेली, जशी मी पहिल्यांदा गेले तेव्हा असायला हवी होती. मी ती स्वतः उतरवली. खाली जाळी दोन ठिकाणी चिकटवलेली. मागच्या पट्टीवर वेल्डिंगच्या तीन गाठी, वर ताजा काळा रंग. मग अश्विन बाहेर आला. त्याला गाडी चालू करायला लावली. मागून निळा धूर निघाला आणि बराच वेळ निघत राहिला.

तो म्हणाला, घाटात सागाच्या झाडाला नुसती टेकली होती. माळ आईने श्रद्धेने घातली. त्याची आई दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी माळ त्याच्या हातात दिली. सांगितलं, झेंडूवाल्या बाईला झेंडूने फसवायचं नसतं.

शुभमला कळवलं. त्याला फार आनंद झाला. शेवटी शहाणपणा केलास, म्हणाला. त्याने मामेभावालाही कळवलं असेल, म्हणजे शिवमही खूश असेल. भाऊ, मी शहाणी झाले नाही. मी फसले नाही, एवढंच. गाडी मला हवीच आहे. काल परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी तेच ठरवत आले.

यंदा भाऊबीजेला येणं होणार नाही, बाजार आहे. इथूनच ओवाळते. राग अर्धा कमी झाला आहे, बाकीचा तुम्ही फेडा.

तुमची
साधना


अकोला,
४ नोव्हेंबर २०२५

चि. साधनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी जिना उतरून गॅरेजमध्ये गेलो. पेचकस उचलला. शिवम म्हणाला, बाबा, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, मले आयकू येत नाही.

तिथे देवमन म्हणून जुना कारागीर आहे. त्याला सांगितलं, दोन सीटची गाडी शोधायची. त्याला वाटलं माझ्यासाठी. मी खुलासा केला नाही.

गाडी सापडली. इथेच अकोल्यात. मालकीण ज्योत्स्नाबाई, दातांच्या डॉक्टर होत्या. साठाव्या वर्षी घेतली, बारा वर्षं चालवली. आता डोळ्यांनी साथ सोडली. गाडी करड्या रंगाची आहे. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा न सांगता. तिन्ही वेळा बॉनेट थंड. पेचकस दातात धरला तर बाई म्हणाल्या, मूठ लाकडी आहे ते बरं, नाहीतर तुमचे पुढचे दोन दात गेले असते.

दोष मी विचारण्याआधी त्यांनी सांगितले. पावसाळ्यात टप डाव्या कोपऱ्यात गळतो. तिसरा गिअर थंडीत अडतो. मागचे टायर बदलावे लागतील. डावा दरवाजा एका कॉलेजच्या फाटकाला घासला होता, तो त्यांनी रंगवला नाही, कारण चूक त्यांची होती. नाक मी आडवा पडून पाहिलं. पट्टी कारखान्यातून आली तशी आहे. उठायला मात्र दोन माणसं लागली. हे वहिनीला सांगू नको.

इंजिन चांगलं आहे. कानाने ऐकलं असतं तर मी हे इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.

गाडी तू तुझ्या पैशाने घेशील. घासाघीस तू करशील, ते मला जमत नाही. मी एकच केलं. एक किल्ली बाईंकडून मागून आणली आहे. ती माझ्या खिशात आहे, खिळ्याला टांगलेली नाही. ती मला तुझ्या हातात द्यायची आहे. चाळीस वर्षं उशीर झाला. तेव्हा बाबांपुढे बोलायला हवं होतं.

ये. टोपली आणू नको.

आशीर्वाद, आणि या वेळी परवानगीही, जी तू मागितली नव्हतीस.

तुझा
खुशालभाऊ

ता. क. मी दुर्गा. दोनच सीट हायेत मनतात. पहिला फेरा माहा. हे आपल्या फाटकाजवळ उभे राह्यतीन. आन् उठाले दोन मानसं लागले ते मले देवमननं सांगतलं.


अमरावती,
८ नोव्हेंबर २०२५

ती. खुशालभाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

येते.

तुम्ही चांगली म्हटली म्हणून घेणार नाही. बॉनेटवर हात मी ठेवीन. नाक मी पाहीन. मॅट मी उचलीन. पेचकस तयार ठेवा, दात माझेही शाबूत आहेत. गाडी पटली नाही तर ज्योत्स्नाबाईंच्या हातचा चहा पिऊन परत येईन, आणि पुन्हा शोधू.

वहिनींना सांगा, पहिला फेरा त्यांचा. डोक्याला रुमाल बांधायला सांगा, टप उघडा राहील.

किल्ली खिशातच असू द्या. मी दारात आले की बोलू नका, मला नुसती द्या.

वार सांगत नाही.

राग संपला. लोभ उरला आहे, तो सांभाळा.

तुमची
साधना