वाकीच्या हातचं बळ

गाल्वेस नदीकाठ,
१४ ऑगस्ट २०११

प्रिय देल्फिना,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. नदी उतरली आहे, मासे भरपूर मिळतायत. तुझा बेर्तो सुखरूप आहे, हे आधी वाच आणि घोटभर पाणी पी. हे पत्र तोच आणून देईल. तो गप्प राहिला तर खोदून विचारू नकोस. जे विचारायचं ते इथे लिहिलं आहे.

तो आला बेडकाच्या औषधासाठी. लावणाऱ्याचं बळ घेणाऱ्याच्या अंगात उतरतं, म्हणून इथले शिकारी ते घेतात. इकितोसला कुणा शहरी वैद्याकडे त्याने ते घेतलं होतं, गाद्या, धूप, गाणी असा थाट. खरं औषध मावशीच्या घरी मिळतं म्हणून इथवर आला. माझ्या तोंडाभोवतीचं गोंदण पाहून दचकला, मग गळ्यात पडला. हसतो अगदी आपल्या बाबांसारखा.

माझ्या नवऱ्याने, वाकीने, त्याचा दंड चाचपला. म्हणाला, "शहरातलं पिकलं केळं आहे हे. बायकांएवढंच देऊ."

"पुरुषांएवढं द्या, काका."

"मग आधी मावशीचा निरोप घे."

वाकीने पेटत्या वेलीने दंडावर डाग दिले, बेडकाचा वाळलेला चीक थुंकीत कालवून त्यावर लावला. बेर्तोचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. तो ओकला, पोट सुटलं, मातीत नखं रुतवून तुला हाका मारायला लागला. माझे मुलगे हसत होते. मला हसू येईना. या लोकांनी पकडून आणल्यावर मी पळाले, तेव्हा मलाही चौघांनी दाबून हेच लावलं होतं. रड आणि घरची ओढ अंगातून निघून जावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी बेर्तोला हलकं वाटत होतं. वाकी खुशीत होता. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "आमच्या वेळी हे घेऊन आम्ही नुसती डुकरं नाही मारली."

"मग काय मारलंत?"

मी म्हटलं, "जुनं कशाला उकरता?" पण म्हाताऱ्याला ऐकणारा मिळाला होता. ओढ्याच्या तोंडाशी लाकूडतोड्याचं घर, दारात उपडी होडी. भाला कुठून आत गेला, कुठून बाहेर आला, हे त्याने स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. "पोरगी बापाला सोडेना. केस मुठीत धरून ओढली." आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

त्या होडीखाली लपून तू जे पाहिलंस ते बेर्तो लहानपणापासून ऐकत आला आहे. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

देल्फिना, तू दर पत्रात विचारायचीस, बाबांना मारणारा कोण होता. मी लिहायचे, मी दुसऱ्याच्या वाट्याला गेले, तो कधीच मेला असेल. तो माझ्या शेजारी झोपत होता. माझी सगळी मुलं त्याचीच.

बेर्तोने खांबाला टेकवलेला कोयता उचलला. पहिला घाव वाकीच्या खांद्यावर बसला, दुसरा मानेजवळ. माझे मुलगे बंदूक घेऊन धावले. मी बेर्तोला खाली पाडून त्याच्यावर पडले.

थोरला म्हणाला, "आई, बाजूला हो."

"नाही होणार. घालायची तर माझ्यातून घाल गोळी."

त्याने खरंच नेम धरला होता. तेवढ्यात वाकी रक्तात पडल्या पडल्या बोलला, "सोडा त्याला. मीच माझ्या हाताने बळ घातलं त्याच्या अंगात. माझंच मला लागलं."

वाकीला लवकर मरण आलं नाही. जखम सडली. तापात तो मला ओतिलिया म्हणून हाक मारत होता. इथल्या लोकांनी मला दुसरं नाव दिलं, जन्मभर त्याच नावाने हाक मारली. माझं खरं नाव त्याला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

तो गेला आणि मी रडले. बाबांसाठी मला कधी रडू दिलं नव्हतं, तेही रडणं त्यातच बाहेर पडलं. कुठलं कुणाचं ते मला वेगळं करता आलं नाही.

बापाच्या शब्दाखातर मुलं बेर्तोला जाऊ देतायत. पण त्यांनी सांगितलंय, तो पुन्हा या नदीवर दिसला तर ते आईचं ऐकणार नाहीत. त्यांचा शब्द खरा असतो. त्याला घरात डांबावं लागलं तरी चालेल, पण इकडे येऊ देऊ नकोस.

आता तरी घरी ये, असं तू लिहिशील. मी यायची नाही. माझी नातवंडं इथे आहेत, आणि मी इथे आहे तोवरच मुलांचा राग माझ्यापाशी थांबेल, तुमच्या दारापर्यंत येणार नाही. तो माणूस मरावा म्हणून तू नवस बोलली होतीस. फेड तो. मला मात्र त्यात धरू नकोस.

बाबांच्या मारेकऱ्याची विधवा,
आणि तुझीच ताई,
ओतिलिया