लाल गाडीखालचा डाग

शनिवार, ११ जानेवारी २०२५

गाडीखाली तेल! काल सायंकाळीच रफीकच्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणली, आणि आज सकाळी फिरून परततो तो पुढच्या उजव्या चाकापाशी, शहाबादी फरशीवर, तळहाताएवढा डाग. रंग मधासारखा. म्हणजे काल भरलेले नवे तेलच. जुने असते तर काळे दिसले असते. बोटाला लावून पाहिले. वास घेण्याचा प्रश्न नाही. करोनापासून माझे नाक निकामी झाले आहे. दूध करपले, गॅस सुटला, की गौतमी सांगत असे. आता कोणी सांगत नाही.

छायाचित्र काढले आणि फरशी सोड्याने स्वच्छ धुतली. तुळजाबाई कामाला उशिरा आल्या. शनिवारी त्या आधी मारुतीला जातात.

सोमवार, १३ जानेवारी

पिरंगुटला रफीककडे. त्याने गाडी वर चढवली, खाली वाकून बॅटरीच्या प्रकाशात पाहिले आणि हात पुसले.

"साहेब, बूच घट्ट हाय, वायसर नवा घातलाय, फिल्टर मी सोता आवळलाय. गळंल कुटनं?"

मी छायाचित्र पुढे केले.

"ह्यात काय कळतंय! फोटोत कालवनाचा तवंग बी असाच दिसंल."

त्याचा हा सूर मला आवडला नाही. गौतमीला आवडे. ती तासन्‌तास तिथे स्टुलावर बसून त्याच्याशी वाद घालीत असे. मग त्याने तेलाची दांडी काढून दाखवली — पातळी काठोकाठ. "गळालं तर कमी व्हायला नको व्हय?"

मी म्हणालो, "मग माझ्या फरशीवरचे तेल आकाशातून पडले काय?"

बुधवार, १५ जानेवारी

गाडी गौतमीची. सेवानिवृत्तीनंतर तिने ही दोनच आसनांची, उघड्या टपाची, वापरलेली गाडी हौसेने घेतली. मोठ्या रस्त्याला लागली की डोक्याला रुमाल बांधी. "एकदा ताम्हिणीपर्यंत चला," असे म्हणे. बावधनला आमच्या मुलीकडे, क्षितिजाकडे, आम्ही गाडीने जात असू. घाट मात्र राहून गेला — आधी पाऊस, मग माझे गुडघे, मग तिचे आजारपण.

येत्या २२ फेब्रुवारीला तिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी मी स्वतः गाडी घाटात नेणार आहे. हे कोणालाही बोललो नव्हतो. येथे प्रथमच लिहितो आहे. त्याकरिताच सर्व्हिसिंग, आणि त्याकरिताच दर शुक्रवारी पौडपर्यंत सराव. गळक्या गाडीने मात्र घाट चढणे शक्य नाही.

शनिवार, १८ जानेवारी

पुन्हा! तीच जागा, तोच रंग. काल शुक्रवारी पौडला जाऊन आलो होतो. निष्कर्ष स्पष्ट आहे: इंजिन तापते, रात्री निवते, आणि त्या अवस्थेत कोठून तरी पाझर फुटतो. पिरंगुटच्या कारखान्यात एकतीस वर्षे तपासणी विभागात काढली आहेत. दोष कसा शोधावा हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

सोमवार, २० जानेवारी

रफीकने इंजिन धुऊन, वाळवून, त्यावर पावडर फवारली. अंगाला लावायची साधी पावडर!

"आता केसाएवढं बी पाझरलं तर पावडरीवर वाट उमटंल," म्हणाला. मग हसून, "बाई असत्या तर बोटाला लावून वास घेतला असता आन्‌ सांगितलं असतं, रफीक, हे जळकं, हे कोरं. तुमी वास नाय घेतला?"

"घेतला," मी म्हणालो.

का म्हणालो, ठाऊक नाही. गॅरेजमध्ये आणखी दोघे उभे होते.

शनिवार, २५ जानेवारी

फरशीवर डाग. इंजिनावरील पावडर कोरडी, पांढरीशुभ्र. एक रेघ नाही!

सोमवार, २७ जानेवारी

आज जे बोललो ते लिहिताना लाज वाटते. रफीकलाही काही उलगडत नव्हते. इंजिन उतरवून मागचे सील पाहू म्हणाला, मग स्वतःच, "पन तितनं गळलं तर डाग मागं पडंल, चाकाशी न्हाई." शेवटी म्हणाला, "शनवारी सकाळी मीच येतो. तुमी फक्त डाग पुसू नका. नजरंनं बघितल्याबिगर मला चैन न्हाई पडायचं."

मी म्हणालो, "माझ्या घरी पंचनामा नको. काम नीट केले असते तर ही वेळ आली नसती. गौतमीने तुमच्यावर विश्वास टाकला होता."

त्याने हातातली किल्ली खाली ठेवली. "मला काय बी बोला साहेब. बाईंचं नाव ह्यात नका घेऊ."

ती असती तर मला तिथेच गप्प केले असते. परत जाऊन क्षमा मागावी असे वाटले. गेलो नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

पुन्हा. तिथेच. पुसले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

क्षितिजाला घाटाचा बेत सांगितला, ते चुकलेच.

"बाबा, एकटे? तेही गळक्या गाडीतून? ताम्हिणीत फोन लागत नाही, माहितीये ना तुम्हाला?"

"सावकाश जाईन."

"आई गेली त्याला वर्ष नाही झालं. मला आणखी एक फोन नकोय तसा. विका ना ती, प्लीज." आणि ती रडू लागली. चाळीस वर्षांची मुलगी. मी हवामानाविषयी काहीतरी बोललो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी डाग होताच. तो पुसायच्या आधीच नेऱ्याहून साहिल नावाचा तरुण विकायला काढलेली गाडी पाहायला आला. तेल गळते, आणि त्याचे कारण सापडलेले नाही, हे मी त्याला आधीच सांगितले. दोष झाकून माल पुढे पाठवणे मला कधीच जमले नाही. तो वाकून डागाकडे पाहत राहिला.

"काका, एवढंच? जुन्या गाड्या गळणारच की. तुम्ही फारच मनाला लावून घेता."

त्याने सांगितलेली किंमत मान्य केली. घासाघीस करण्याचा उत्साह नव्हता.

तुळजाबाई खिडकीतून पाहत होत्या. "कोन व्हतं?" "कोणी नाही," मी म्हणालो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सायंकाळी गाडी नेली. पुढच्या कप्प्यात गौतमीचा रुमाल होता, तेवढा काढून घेतला. वळणावर साहिलने भोंगा वाजवला. तीही वळणावर वाजवीत असे.

घाटाला आता बसने जाता येईल. जाणार नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज फिरायला गेलो नाही. खिडकीशी बसलो होतो. उजाडताना फाटक वाजले. तुळजाबाई, हातात वाटी. रिकाम्या पोर्चमध्ये त्या थबकल्या. मी बाहेर गेलो.

"साहेब, गाडी कुटं हाय?"

"काल विकली."

"अगं बया! मंग ह्ये आता कुटं घालू?"

वाटीत तेल होते.

"बाईंनी जायच्या आदी सांगून ठेवलं व्हतं. म्हनल्या, साहेब माझी गाडी काढतील बग एक दिवस. काढली, की शनवारी मारुतीला जाताना त्याच्या तेलातलं जरासं चाकाशी घालत जा. त्यास्नी सांगू नगं, हसत्याल. तुमी पुसत व्हता, मी बी कायच बोलले न्हाई."

मी वाटी मागून घेतली. नाकाशी धरली. बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"तिळाचं हाय," तुळजाबाई म्हणाल्या.